डग्ग्याचा घे, तबल्याचा ना

नमस्कार मंडळी.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आजवर माझी पाठच पाहिलेली आहे. आपल्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजनाला पाठक सर तुमच्याकडं तोंड करून बसायचे आणि मी त्यांच्या समोर, तुमच्याकडं पाठ करून. आज पहिल्यांदा तोंड दाखवतोय. कोण हा पोरगा, असं वाटत असेल तर राग नाही. मी सोपान. लासूर स्टेशनच्या पलीकडं आमचं गाव.

मला बोलायचं नव्हतं. बोर्डे काका म्हणाले, "तूच बोल. शेवटी त्यांच्या समोर तू बसायचास." म्हणून हे लिहून आणलंय. लिहून आणलं कारण मी बोलायला लागलो की भरकटतो. लिहितानाही भरकटलोय, ते सांभाळून घ्या. काकू पुढंच बसल्यात. काकूंकडं बघून मला वाचता येणार नाही. तेव्हा मी बोर्डे काकांकडं बघून वाचतो. काका, तुम्ही तेवढं तोंड वाकडं करू नका.

सर गेल्या सोमवारी सकाळी गेले. चहा मागितला. काकू चहा घेऊन आल्या तोवर सर नव्हते. एवढंच झालं. त्यात अजून सांगण्यासारखं काही नाही, आणि काही असतं तरी मला सांगता आलं नसतं.

फोटोपुढं सरांची जोडी ठेवलीय. तबला आणि डग्गा. सर बसले असते तर तबला त्यांच्या उजव्या हाताला आला असता आणि डग्गा डाव्या हाताला. काकूंनी तशीच मांडलीय. कुणी हलवू नका. त्या जोडीचं मला शेवटी सांगायचंय.

तर मंडळी, सरांची नि माझी ओळख पाण्यानं झाली.

त्या साली हर्सूलच्या तलावाला भेगा पडल्या होत्या. गावाकडं तर विहिरीत कबुतरं राहायला आली होती. शाळेत माझं तसंही मन नव्हतं. मी शहरात आलो आणि टँकरवर लागलो. शहर बघाल तिकडं वाढत होतं. काल जिथं तूर होती तिथं आज तीन मजले. घरं झाली, नळही आले, नळात पाणी तेवढं नव्हतं. तेव्हा आम्हाला काय मान होता! नवरदेवाची वाट बघावी तशी बाया आमची वाट बघायच्या.

टँकर भरायला लाईन असायची. अर्धा दिवस लाईनीत. करायचं काय? मोबाईल. माझा मोबाईल सगळ्यात स्वस्तातला, काच फुटलेली, पण नेट फुकटात असल्यासारखं झालं होतं. एकदा बोटं फिरवता फिरवता एक माणूस लागला, तबला शिकवणारा. "तो चलो दोस्तों," असं म्हणून सुरू करायचा. मला तबल्याचं काही वेड नव्हतं. खरं सांगायचं तर मी आधी गाडीची बॅटरी कशी जोडायची ते बघत होतो. पण हा माणूस लागला आणि मी थांबलो.

तबला कुठून आणायचा? आमच्याकडं ड्रम होते. दुष्काळात कशाची कमी असली तरी प्लास्टिकच्या ड्रमची कमी नव्हती. तेलाचा छोटा डबा म्हणजे तबला, पाण्याचा निळा ड्रम म्हणजे डग्गा. मोबाईल समोर टेकवायचा, तो करील तसं करायचं. त्याचं छोटं वाद्य स्क्रीनवर डाव्या बाजूला दिसायचं. मी माझा छोटा डबा डाव्या बाजूला ठेवला. त्याचं मोठं उजव्या बाजूला दिसायचं. मी ड्रम उजव्या बाजूला ठेवला.

ज्यांना कळलं ते हसले. ज्यांना कळलं नाही त्यांना सांगतो. माणूस आपल्या समोर बसला की त्याचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. मी आरशात बघावं तसं बघून शिकलो. सगळं जग तबला उजव्या हातानं वाजवतं आणि मी डाव्या. मी डावरा असतो तर एक वेळ ठीक. मी डावरा नाय. जेवतो उजव्यानं, सही करतो उजव्यानं, मारामारी केली तरी उजव्यानं. तबला तेवढा डाव्यानं. आणि मोबाईलनं मला एकदाही सांगितलं नाही की बाबा, तू उलटा बसलायस. त्याला मी दिसतच नव्हतो.

असा मी उलटा तयार झालो. मग एकदा पुंडलिकनगरच्या ह्या गल्लीत टँकर लागला. पाईप सोडला, ड्रम भरायला लागले. बाया भांडत होत्या, मी एका रिकाम्या ड्रमावर वाजवत बसलो. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आला. अंगात बनियन, हातात बादली. बादली खाली ठेवली आणि ऐकत उभा राहिला. मला वाटलं आता ओरडणार.

"कुणाकडे शिकतोस?"

"मोबाईलकडं."

"मोबाईलने बसायला नाही का शिकवलं?"

मी म्हटलं, "बसलोय की."

ते हसले. मग म्हणाले, "कानाला सगळं बरोबर आहे. डोळ्याला सगळं चूक. उद्या संध्याकाळी ये."

आतून काकूंचा आवाज आला, "अहो, पाणी भरताय का मैफल?" काकू, आठवतंय ना? आपला अर्धा ड्रम रिकामा राहिला होता.

सर तेव्हा मोजणी खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. तुम्हाला माहीतच आहे, ह्या शहराच्या चारी बाजूचे अर्धे प्लॉट सरांच्या साखळीखालून गेलेत. दिवसा जमीन मोजायची आणि संध्याकाळी मात्रा. बाहेर कुठंही गेलं की सर बोट दाखवायचे, "इथे ज्वारी होती बरं का." मॉलसमोर उभं राहूनसुद्धा. एकदा मी म्हटलं, सर, तुम्ही मोजली नसती तर अजून ज्वारीच असती. तर म्हणाले, "मी नसती मोजली तर दुसऱ्याने चुकीची मोजली असती."

कुठं होतो मी? हां. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

तोवर मी ऑनलाइन एक जोडी मागवलेली होती. खोक्यातून आली. सगळ्यात स्वस्तातली. चामड्याच्या वाद्या नाहीत, लाकडी गट्टे नाहीत, चारी बाजूंनी नटबोल्ट. वरची पुडी पण चामड्याची नाही, प्लास्टिकसारखी. सुरात आणायचा तर हातोडी नको, पाना पाहिजे. मी टँकरचा पाना खिशात घालून गेलो.

सरांनी जोडी बघितली, पाना बघितला आणि काकूंना हाक मारली. "अगं बाहेर ये. सोपानराव तबला घेऊन आलेत की ट्रॅक्टर, बघ जरा."

मी बसलो. बसलो आणि सवयीनं तोंडातून गेलं, "तो चलो दोस्तों."

बोर्डे काका पेटी घेऊन तिथंच बसलेले. पेटीचा भाता सोडून हसले, हसताना खोकला लागला, काकूंना पाणी आणावं लागलं. त्या दिवसापासून सर माझ्याकडं बघून तसंच म्हणायचे. शिकवणी सुरू करायची असली की, "चलो दोस्तों." एकटाच असलो तरी दोस्तों.

मग मी वाजवलं. जेवढं येतं तेवढं सगळं वाजवलं, आणि मला लई येत होतं. तबल्यात कायदा म्हणतात बघा, एक बोलांची ओळ घ्यायची आणि तिलाच उलटीसुलटी करत वाढवत न्यायची. मला असे ढीगभर कायदे येत होते. प्रत्येकाची पहिली ओळ. पुढचं यायच्या आत माझं बोट दुसऱ्या व्हिडिओवर गेलेलं असायचं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सोपानराव, तुम्ही सगळ्या गल्लीतल्या बेल वाजवून पळालात. चहाला कुणाकडेच थांबला नाहीत."

पण मंडळी, सर मोबाईलच्या विरुद्ध होते असं कुणी इथं सांगू नका. मघाशी एक जण बाहेर तसं बोलत होते. ते खरं नाही. सर मला म्हणाले होते, "माझ्या मामांचा तबला होता. त्याला हात लावायला मिळायला मला किती वर्षं वाट बघावी लागली. आधी चिलीम भरून दे, मग पाय दाब, मग बघू. तू पहिल्याच दिवशी वाजवायला लागलास. चांगलंच झालं की. फक्त तुला थांबवायला कुणी नव्हतं, एवढंच."

त्या उन्हाळ्यात सरांच्या चामड्याच्या तबल्याचा सूर दर दुपारी चढायचा. हवा एवढी कोरडी की सर हातोडी घेऊन ठोकतच बसायचे. माझा प्लास्टिकचा मात्र सकाळी जसा तसाच संध्याकाळी. सरांनी एकदा त्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "ह्याला दुष्काळच कळत नाही." कौतुक होतं की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

आणि ते लेहऱ्याचं ॲप. तबल्याला साथ म्हणून पेटीवर एकच ओळ फिरत राहते, तिला लेहरा म्हणतात. सरांकडं ते काम आपल्या बोर्डे काकांचं. सरांनी मोबाईलवर ते ॲप घातलं तर बोर्डे काका दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते तावातावानंच. "पाठक, पोटावर मारलंत माझ्या."

सर म्हणाले, "ह्याला चहा लागत नाही, बोर्डे. मधे राजकारण पण बोलत नाही."

"मग बसा त्याच्या मांडीला मांडी लावून."

शेवटी दोन्ही राहिलं. ॲप कुणाच्या तोंडाकडं बघत नाही. तुम्ही चुका, पडा, ते आपलं चाललं पुढं. बोर्डे काका तोंडाकडं बघतात. समोरचा अडखळला की हळूच पेटी मागं खेचतात. पोरांना वाटतं आपण बरोबर आलो. सर म्हणायचे, "बोर्डे, तुम्ही पोरं लाडावून ठेवता." पण नवीन पोरगं घाबरलेलं दिसलं की सर स्वतःच ॲप बंद करायचे आणि म्हणायचे, "बोर्डे, घ्या."

आता खरा प्रश्न होता माझ्या उलट्या हाताचा. सगळे म्हणत होते पोराला सुलटा करा. कुठं कार्यक्रमाला गेला तर सगळी मांडणी बदलावी लागेल, लोक हसतील. बोर्डे काका म्हणाले, "डोक्यावर उभा करा, आपोआप सुलटा होईल." मी मनात ठरवून टाकलं होतं, पहिल्यापासून शिकायला लावलं तर आपण निघालो. मला तसंही कुठून निघायला कारण लागत नाही.

सर म्हणाले, विचार करून सांगतो. विचार म्हणजे काय केलं असेल? काकूंनी मला नंतर सांगितलं. सरांनी स्वतःची जोडी उलटी मांडली आणि दुपारभर डाव्या हातानं तबला वाजवायचा प्रयत्न केला. एवढा मोठा तयारीचा माणूस आणि धड एक बोल निघेना. काकू म्हणाल्या, "अहो, दार वाजल्यासारखं वाजतंय." सरांनी जोडी परत सरळ केली.

मला म्हणाले, "तू जे केलंयस ते मला जमत नाही. मग ते मोडायचं कशाला? तू असाच वाजव. मी समोर बसतो. आरसा आहे असं समजतो."

म्हणून मी समोर. म्हणून तुम्हाला पाठ.

नंतरची वर्षं मी काय सांगू? मी धड कुठं राहिलो नाही. टँकर सोडला, लग्नाच्या डीजेवर गेलो, तिथून मोबाईलच्या दुकानात, तिथून कॅमेरे बसवायला. मधे गोव्याला गेलो होतो, ते जाऊ द्या. दोन महिने गायब, मग एखाद्या संध्याकाळी सरांच्या दारात. सरांनी कधी विचारलं नाही कुठं होतास. नुसतं, "चलो दोस्तों." काकू विचारायच्या, पण जेवण वाढून विचारायच्या.

आणि मग सरांना झटका आला. उजवी बाजू गेली. बोलणं काही दिवसांनी परत आलं, जरा जड, पण आलं. पाय ओढत का होईना चालायला लागले. हात आला नाही. तबल्याचा हात.

मी भेटायला आलो तेव्हा जोडीवर चादर टाकलेली होती. शिकवणी बंद. सर खुर्चीत बसून खिडकीतून बाहेर बघत होते, आणि बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोरच्या बिल्डिंगची भिंत. काकू मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. "बोलत नाहीत रे. जेव म्हटलं तर जेवतात, झोप म्हटलं तर झोपतात. असे हे कधी कुणाचं ऐकणारे नव्हते." काकूंना हात गेल्याचं एवढं नव्हतं. सर ऐकायला लागले ह्याची त्यांना भीती वाटत होती.

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. तिनं एक आरसा लावायला सांगितला होता. म्हणजे असं, की आरसा मधे उभा करायचा, चांगला हात त्याच्यासमोर हलवायचा आणि आरशात बघायचं. आरशात तो गेलेल्या हातासारखा दिसतो, आणि म्हणे डोक्याला फसवता येतं. काकूंनी कपाटाचा आरसा काढून मांडला. सरांनी बघितलं आणि म्हणाले, "तो माझाच डावा आहे. मला माहीत आहे तो डावा आहे. मी काय दूधपितं बाळ आहे?" आणि आरसा बाजूला सारला.

मी समोर खाली बसलो होतो. मला गप्प बसवत नाही. हात आपोआप चालू होता, स्टुलावर. डावा हात. सर बघायला लागले. लई वेळ बघत होते. आधी मला वाटलं आवाजाचा त्रास होतोय, मी थांबलो.

"थांबू नकोस."

मी परत सुरू केलं.

"अरे," सर म्हणाले, "माझा उजवा तुझ्याकडे आहे की."

मंडळी, एवढंच म्हणाले. मग डाव्या हातानं जोडीवरची चादर ओढली. जोडी सरांच्या बाजूनं मांडलेली. तबला त्यांच्या उजवीकडं, म्हणजे समोर बसलं की माझ्या डावीकडं. माझ्या वाजवत्या हाताखाली. डग्गा त्यांच्या डावीकडं, त्यांच्या चांगल्या हाताखाली. काहीच हलवावं लागलं नाही. सर म्हणाले, "बस. माझ्याकडे आरसा आहे. लासूरचा."

इथं मला थोडं बोलांचं सांगायला लागेल. तबल्यावर बोटानं वाजतो तो ना. डग्ग्यावर हातानं वाजतो तो घे. दोन्ही एकदम वाजले की धा. सर नव्या पोरांना सांगायचे, "डग्गा म्हणतो घे, तबला म्हणतो ना. दोघांचं जमलं की धा." पोरं हसायची. एकट्या माणसाचे दोन हात असले की ते लगेच जमतं. आम्ही दोघं. घे त्यांच्याकडं, ना माझ्याकडं.

पहिला धा जमलाच नाही. दुसराही नाही. सर चिडले, मी घाबरलो, काकू दारात पदराला हात पुसत उभ्या होत्या. सर म्हणाले, "हाताकडे बघू नकोस. तोंडाकडे बघ." मी बघितलं. त्यांचं तोंड एका बाजूला जरा ओढलेलं होतं. ते श्वास घ्यायचे आणि वाजवायचे. मी त्यांच्याबरोबर श्वास घेतला.

झाला.

काकू आत निघून गेल्या. मी पुढचं काही सांगत नाही.

मग भजनाचा ठेका बसवला. तुम्ही सगळ्यांनी ऐकलाय तो. धा घे ना ती, ना के धी ना. त्यात धा दोघांचा, घे त्यांचा एकट्याचा, ना माझा. धी परत दोघांचा. पुढच्याच गुरुवारी आम्ही मंदिरात बसलो. कुणीतरी मागून ओरडलं, "एका जोडीला दोन माणसं, भाडं कसं वाटून घेता?" सर म्हणाले, "तो वरचा मजला, मी तळमजला."

हात बरा झाला नाही, हे पण सांगतो. चमत्कार वगैरे काही झाला नाही. पण सरांनी काकूंचं ऐकायचं बंद केलं. काकू खूष होत्या.

आता माझं सांगतो. मला काम मिळालं, छतावर सोलर बसवायचं, जालन्याच्या पलीकडं. पैसा बरा होता. सरांना सांगितलं. सर म्हणाले, "जा की. आता काय अडचण आहे? मोबाईल आहे." त्यांनी चांगला नवा मोबाईल घेतला, स्टँड घेतला, वायरवाला छोटा माईक घेतला. मला पण घ्यायला लावला. कॉल लावायचा, ते इकडून डग्गा वाजवणार, मी तिकडून तबला. मी माझा नटबोल्टवाला घेऊन गेलोच होतो.

पहिल्या संध्याकाळी कॉल लावला. सरांचं तोंड मोठं दिसत होतं, मागं काकू, त्यांच्या मागं बोर्डे काकांचं अर्धं डोकं. सर म्हणाले, "चलो दोस्तों."

मी ना वाजवला. सरांनी घे वाजवला. तो माझ्याकडं आला तोवर माझा ना संपून गेलेला.

ना... घे.

परत. ना... घे. आवाज पोहोचायला वेळ लागतो, मंडळी. बोलताना कळत नाही. धा वाजवताना कळतं.

सर म्हणाले, "मी जरा आधी वाजवतो." त्यांनी आधी वाजवलं, तर माझा त्यांच्याकडं उशिरा पोहोचला. मी म्हटलं मी आधी वाजवतो. मग दोघंही आधी वाजवायला लागलो. दोघं एकमेकांच्या पुढं पळतोय आणि मागं बोर्डे काका ओरडतायत, "अरे, कुणीतरी थांबा!" काकू हसत होत्या. सर आधी हसले. नंतर हसले नाहीत. डाव्या हातानं परत परत वाजवत राहिले. तो हात मला दिसत होता आणि त्याचा आवाज मागून येत होता.

मग म्हणाले, "ठेव सोपान." सोपानराव नाही, सोपान. "तू मोबाईलवर शिकलास, ते खरंय. शिकता येतं. पण धा एका खोलीत होतो."

आणि कॉल बंद केला. काकूंनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं, जोडीवर परत चादर टाकलीय.

मी संध्याकाळच्या एसटीनं निघून आलो. काम सुटलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, हेही सांगतो. दारात उभा राहिलो तर सर म्हणाले, "सोलर?" मी म्हटलं, "ऊन लई होतं." सर म्हणाले, "सोलरला ऊनच लागतं गाढवा." आणि चादर काढली.

तेव्हापासून मी इथंच आहे. इथंच एका दुकानात मोबाईल दुरुस्त करतो. एवढा मी माझ्या घरीसुद्धा कधी राहिलेलो नाही. आमचा बाप अजून विचारतो, संभाजीनगरात तुझं आहे तरी काय? मी म्हणतो, गुरुवार आहे.

इथं बरेच पालक बसलेत. सर गेल्यावर दोघातिघांनी मला विचारलं, आता पोरांना कोणतं ॲप लावू? लावा. कोणतंही लावा, सगळी सारखीच आहेत. स्वस्तातली जोडी पण घ्या, नटबोल्टची का असेना, पोरगं आजपासून वाजवायला लागेल. मी त्याच्यावरच शिकलो. फक्त आठवड्यातून एकदा तरी त्याला कुणाच्या तरी समोर बसवा. ज्याला ते पोरगं दिसतं, अशा कुणाच्या तरी. मला ह्याच्यापेक्षा जास्त कळत नाही.

शेवटचं. जोडीचं.

परवा काकूंनी मला बोलावलं. जोडी समोर ठेवलेली. चादर घडी करून बाजूला. काकू म्हणाल्या, "सोपान, ही आता तुझी. घे."

माझी हिंमत झाली नाही. माझी स्वतःची खोली नाही, एक पिशवी आहे. उद्या मी कुठं असेन मला माहीत नाही. सरांची जोडी घेऊन मी काय गोव्याला जाऊ? नुसतं म्हटलं, "ना."

काकू माझ्याकडं बघत राहिल्या. त्या माऊलीनं एवढी वर्षं भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय. सोमवारनंतर पहिल्यांदा त्या हसल्या. म्हणाल्या, "मी घे म्हटलं, तू ना म्हटलास. मग झाला की रे धा."

काकू, तेव्हा मी नुसता ना म्हटला. आज सगळ्यांसमोर बोलतो. जोडी तुमच्याच खोलीत राहील. चादर टाकायची नाही. मी येईन. गुरुवारी पण आणि शिकवणीच्या संध्याकाळी पण. कुठं गेलो तर सांगून जाईन, आणि गुरुवारच्या आत परत येईन. घे पण मलाच वाजवायचाय आता, दुसऱ्या हातानं. तो माझा कच्चा आहे. सरांच्या झटक्यानंतर डग्गा त्यांचा, मी त्याला हातच लावला नव्हता. बोर्डे काका, तुम्ही पेटी मागं खेचा. लाडावलं तरी चालेल.

आता आपण सगळे दोन मिनिटं उभं राहू या. ह्या दोन मिनिटांत मी एक काम करणार आहे. सरांच्या बाजूनं मांडलेली ही जोडी मी फिरवणार आहे. तबला डावीकडं घेणार, डग्गा उजवीकडं, आणि सरांच्या जागेवर बसणार, तुमच्याकडं तोंड करून. खालची चुंबळ फरशीवर घासेल, त्याचा थोडा आवाज होईल. तेवढा होऊ द्या. वाजवणार काही नाही. ते गुरुवारी.

सर, तुमचा आरसा आता तुमच्या बाजूला येऊन बसतोय. नमस्कार करतो.

उठा मंडळी.

चलो दोस्तों.